‘पौष्टिक खाऊ’च्या बशीत फळ कुठं आहे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या अंकात एका शाळेतल्या ‘फायरलेस कुकिंग’ म्हणजे विस्तवाशिवाय खाऊ करायच्या स्पर्धेचा फोटो आला होता. पहिला नंबर बिस्किटांच्या केकला, दुसरा चॉकलेटच्या लाडवांना आणि तिसरा ‘फ्रूट डिलाइट’ नावाच्या कशाला तरी. स्पर्धेचा विषय ‘पौष्टिक खाऊ’ होता, हेही बातमीतच छापलंय. त्या तिसऱ्या बशीत फळ कोणतं ते मी चष्मा लावून, फोटो डोळ्याजवळ धरून शोधलं. वर दोन लालभडक चेऱ्या, भोवती टूटीफ्रूटी आणि खाली क्रीमची बिस्किटं. बाकी सगळ्यावर कन्डेन्स्ड मिल्क ओतलेलं असणार, कारण या स्पर्धेत ते ओतल्याशिवाय नंबर येत नाही असं आयांच्या बोलण्यावरून मला पाठ झालंय. त्या डब्यात जवळजवळ निम्मी साखरच असते.

मी साताऱ्यात राजवाड्याजवळ फळं विकते. सासूबाई पाटी घेऊन बसायच्या, आता माझा गाळा आहे. म्हणून सांगते, त्या बशीत फळं दोन होती. टूटीफ्रूटी म्हणजे कच्च्या पपईचे तुकडे पाकात उकळून रंगवलेले. आणि केकवर बसते ती स्वस्तातली लाल चेरी बहुतेक वेळा आपलं करवंदच असतं, बी काढून, पाकात मुरवून, रंग चढवून. म्हणजे पपई होती, करवंदही होतं, फक्त दोघांचंही सोंग इतकं बदललेलं की त्यांच्या आईनं ओळखलं नसतं. तेच पोर घरी पपईची फोड पुढे केली की नाक मुरडतं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी माझ्याकडे गर्दी होते. “मावशी, किवी आहे का? ड्रॅगन फ्रूट आहे का? चेरी कुठं मिळंल?” विचारणारी आई असते. पोरगं मागे स्कूटीवर बसून मोबाईल बघत असतं. त्याला उद्या आपण काय ‘बनवणार’ आहोत याचा पत्ता नसतो. रात्री आई करते, सकाळी डबा झाकून शाळेत नेते, पोरगं परीक्षकापुढे पाठ केलेलं इंग्रजी म्हणतं. मी शाळेला नावं ठेवत नाही. शिक्षकांच्या मागे कामं कमी नाहीत. पण विस्तव नको, चिरायचं थोडं, खायचं लगेच, असा खाऊ म्हटल्यावर माझ्यासारखीला पहिलं फळच आठवणार. तेच या स्पर्धेतून बाहेर कसं पडलं?

मला वाटतं, आपल्या घरात फळाची जागाच तशी ठरून गेलीय. माझ्या गिऱ्हाइकांची तीन कारणं असतात. कुणी आजारी आहे, कुणाचा उपास आहे, नाहीतर पूजा किंवा ओटी आहे. सध्या मार्गशीर्ष चालू आहे, गुरुवारी सकाळी पाच फळांसाठी रांग लागते आणि शुक्रवारी माझ्यापुढे माशी उडत नाही. मोसंबी म्हणजे सलाइनच्या बाटलीशेजारची पिशवी, केळं म्हणजे एकादशी. लेकराला भूक लागली, म्हणून चार पेरू द्या असं म्हणणारी गिऱ्हाइकं हाताच्या बोटांवर मोजावीत. फळ आवडायला आधी ते आजारपणातून आणि देव्हाऱ्यातून उठून पोरांच्या हातात यायला पाहिजे. हातात म्हणजे खरंच हातात, सोलायला, कुस्करायला, सांडायला.

आमच्या गाळ्यामागे रविवारी दुपारी तेच चालतं. माझी नात, शेजारच्या चहावाल्याचा मुलगा, फुलवालीच्या दोघी आणि त्यांनी गोळा करून आणलेली आणखी कोणी. उपक्रम वगैरे काही नाही. दुपारी गिऱ्हाईक नसतं आणि पोरं पायात येतात, म्हणून त्यांना कामाला लावायला सुरुवात केली.

पहिलं काम डाळिंबाचं. डाळिंब सोलायचा कंटाळा म्हणून लोक सोललेल्या दाण्यांची डबी मागतात, आणि खरं तर पोरांना यात जेवढी मजा येते तेवढी कशात येत नाही. डाळिंबाचा मुकुट सुरीनं गोल कापून झाकणासारखा काढायचा, तेवढं मोठ्या माणसानं करायचं. मग आतले पांढरे पडदे वरून दिसतात. ते जिथं सालीला टेकलेत त्या रेषांवर वरून खाली चिरा द्यायच्या, फक्त सालीपुरत्या, सुरी दाण्यांना लागता कामा नये. आता फळ पाण्याच्या पातेल्यात बुडवायचं आणि पोरानं दोन्ही अंगठे घालून ते उघडायचं. पाकळ्या सुट्या होतात. पाण्यातल्या पाण्यात बोटांनी दाणे मोकळे केले की दाणे तळाला बसतात आणि पांढरा पापुद्रा वर तरंगतो. तो हातानं काढून टाकायचा, पाणी गाळायचं. दाणा फुटून उडत नाही, भिंत रंगत नाही. भगवा जातीचं डाळिंब असेल तर पातेल्याचा तळ असा लाल दिसतो की पोरं खायचं विसरून त्यात हातच फिरवत बसतात. शर्ट मात्र जुना हवा. डाळिंबाच्या सालीचा डाग लगेच दिसत नाही आणि नंतर काळपट होऊन बसतो, मग कोणत्याच साबणाला दाद देत नाही. शाळेच्या गणवेशात बसवाल तर शिव्या मला मिळतील.

दुसरं काम पपईचं. लांबड्या लाल पपईचे उभे दोन भाग मी करून देते. आतल्या काळ्या बिया चमच्यानं खरवडून काढायला पोरांची मारामारी होते. बिया काढून झाल्यावर होडी तयार. तिच्यात संत्र्याच्या फोडी आणि मघाचे डाळिंबदाणे भरायचे, वरून अर्ध्या लिंबाचा रस. फुलवालीची धाकटी पपईच्या वासानंच पळायची. आता चमच्यानं होडीच कोरून खाते, कारण होडी तिनं स्वतः केलेली असते आणि दुसरं कुणी खाईल ही भीती असते. मी तिला कधीच ‘खा’ म्हटलेलं नाही. म्हटलं असतं तर तिनं खाल्ली नसती.

केळ्याबद्दल मात्र मला आयांशीच भांडायचंय. लोकांना केळं एकसारखं पिवळंधमक पाहिजे. सालीवर तपकिरी ठिपके आले की “मावशी, हे सडलंय”. सडलेलं नसतं हो. ठिपके येईपर्यंत केळ्यातल्या पिठाची साखर झालेली असते, म्हणून ते मऊ आणि गोड लागतं. रोज संध्याकाळी अशा दोन-चार फण्या माझ्या हाताखाली उरतात, त्या मी पडेल भावात देते, कधी तशाच देते. पोरांच्या खाऊला माल हाच हवा. दोन केळी ताटलीत काट्यानं कुस्करायची, चार बिया काढलेले खजूर बारीक तोडून घालायचे, वाटीभर भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट, आणि मग राजगिऱ्याच्या लाह्या. लाह्या किती, तर गोळा वळेपर्यंत. शेंगदाणा कुणाला सोसत नसेल तर डाळ्याचं पीठ. तळहाताला तुपाचं बोट लावलं की चिकटत नाही. वळलेला गोळा सुक्या खोबऱ्याच्या किसात लोळवायचा. साखर नाही, गूळ नाही. पहिले दोन-तीन गोळे वाकडेतिकडे होतात, ते करणाऱ्यानं तिथल्या तिथं खायचे हा आमचा नियम. शिकरण हा तर बिनविस्तवाचा आपला सगळ्यात जुना पदार्थ. दूध-केळं एकत्र खावं की नाही यावर मोबाईलवर जे वाद चालतात ते चालू देत, आमच्याकडे चारपाच पिढ्या शिकरण-पोळी खाऊन उभ्या आहेत.

आता स्ट्रॉबेरी. महाबळेश्वर-पाचगणीचा माल आमच्या दारातून पुण्या-मुंबईला जातो, आणि साताऱ्यातली पोरं स्ट्रॉबेरीच्या वासाचं दूध पिशवीतून विकत घेऊन पितात. 2010 मध्ये महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा इथं काय उपयोग! डबीत मांडलेली मोठी फळं महाग असतात, हे मान्य. पण हंगाम भरात आला की बारीक फळ किलोवर स्वस्त मिळतं, आणि चवीला ते मोठ्याच्या पुढे असतं. आदल्या रात्री पोरांनी दही पंचात बांधून टांगायचं. सकाळी चक्का झाला का हे बघायला कुणाला उठवावं लागत नाही. स्ट्रॉबेरी देठासकट धुवायची आणि मगच देठ काढायचा. आधी काढला तर फळ पाणी पितं आणि चव जाते. चक्क्यात कुस्करली की रंग आपोआप येतो. आंबट वाटली तर चिमूटभर गूळ, पण आधी चाखून बघायचं, बाटलीतलं सरबत ओतायचं नाही.

या दिवसांत आवळाही आहे. आवळा किसायचं काम दहाच्या पुढच्या पोरांचं, तेही शेवटचा तुकडा मोठ्यानं घेऊन, नाहीतर बोटं सोलतात. किसाला मीठ, जिऱ्याची पूड आणि आल्याचा रस चोळून ताटात पातळ पसरायचं आणि गच्चीवर चार उन्हं द्यायची. आवळा सुपारी झाली. अर्धी तर वाळायच्या आधीच संपते. कच्चा आवळा चावून वर पाणी प्यायला लावलं की पाणी गोड लागतं, ही जादू माहीत नसलेली सहावीतली मुलं मी बघितलीत. आणि पेरूवर घालायचा मसाला पोरांना खलबत्त्यात कुटू द्या. भाजलेलं जिरं, काळं मीठ, थोडं आमचूर, हौसेपुरतं तिखट. कुटण्याच्या आवाजानं शेजारपाजारची पोरंसुद्धा येतात, पेरू मग पुरत नाही.

कलिंगडाचा हंस आणि सफरचंदाचा काटेरी साळिंदर करणाऱ्यांना माझा दुरून नमस्कार. त्यात मुलं फक्त टाळ्या वाजवायला असतात, हंस दोन तास फोटोसाठी उघडा राहतो आणि शेवटी कचऱ्यात जातो. शिवाय लहान मुलांच्या खाण्यात दात कोरायच्या काड्या टोचणं मला तरी धड वाटत नाही.

सुरीचं विचाराल तर केळं, पपई, चिकू, स्ट्रॉबेरी लोणी लावायच्या बोथट सुरीनंही कापली जातात. पाचसहा वर्षांच्या पोराला ती खुशाल द्यावी. पेरू, सफरचंद आणि अननस मोठ्यांनी चिरावेत. कापलेलं फळ झाकून ठेवायचं आणि लगेच संपवायचं, ‘उद्या डब्यात’ नाही. आणि माझ्याकडून घ्या की कुणाकडून, वाहत्या पाण्याखाली चोळून धुतल्याशिवाय तोंडात घालू नका. द्राक्षं तर नक्कीच.

द्राक्षावरून आठवलं. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खं द्राक्ष देऊ नये. गुळगुळीत, गोल आणि घशाच्या मापाचं फळ, अडकलं तर हवा बंद करतं. उभं चिरून चार फोडी कराव्यात, आडवं नाही. बोरं, जांभळं, सीताफळ, बी काढूनच. महिन्याभरात संक्रांत येईल आणि घरोघर बोरन्हाणं होतील. अंगावरून बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे ओतायचे, ते हंगामाचं पीक लेकराला ओळखीचं व्हावं म्हणून असावं असं मला वाटतं. आता गिऱ्हाईक माझ्याकडून मूठभर बोरं नावाला नेतं आणि दोन पाकिटं रंगीत गोळ्या-चॉकलेटं त्यात मिसळतं. वरून ओतलेलं वेचायला बाकीची पोरं तुटून पडतात, त्यांच्या खिशात काय जातं ते बघा एकदा. बोरं खाली पायदळी उरतात. ज्याचं बोरन्हाण आहे ते बाळ लहान, त्याच्या तोंडात बोर जाऊ द्यायचं नाही हे खरंच. पण वेचणारी पोरं मोठी असतात. त्यांना बोरं वेचायला लावा की! दुसऱ्या दिवशी त्यांनीच ती धुवून, ठेचून, गूळ-मीठ लावून खावीत.

रसाबद्दल थोडंच लिहिते. माझ्या शेजारी रसवंती आहे आणि मालक माझा भाऊ लागतो, तरी सांगते, मुलाला फळ चावायला द्या. रस गाळला की चोथा जातो, साखर राहते, आणि तीन मोसंब्या एका दमात पोटात जातात, ज्या सोलून खाल्ल्या असत्या तर एकीवरच पोट भरलं असतं. खोक्यातल्या रसाचं तर सरकारनंच 2024 च्या जूनमध्ये कान उपटले. आटवलेल्या रसात पाणी घालून पुन्हा तयार केलेल्या रसावर ‘100 टक्के फळांचा रस’ असं लिहू नका, असा आदेश अन्न सुरक्षा प्राधिकरणानं काढला. याच प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांप्रमाणे शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त साखर, मीठ, चरबीचे पदार्थ विकायचे नाहीत. तुमच्या बातमीदाराला एखाद्या दिवशी कोणत्याही शाळेबाहेर मधल्या सुट्टीत टेप घेऊन उभं करा. आणि त्या 50 मीटरच्या आत पेरूची पाटी घेऊन बसलेल्या बाईला मात्र रस्ता अडवते म्हणून उठवतात, हे मी पाहिलेलं आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 च्या सूचनांमध्ये माणसाला रोज साधारण 100 ग्रॅम फळ सांगितलंय. माझ्या तराजूत तेवढ्यात सोललेलं एक मध्यम केळं बसतं. आज माझ्याकडे केळी 50 रुपये डझन आहेत, म्हणजे चार-सव्वाचार रुपयांचं काम. स्पर्धेच्या एका बशीला लागणारी बिस्किटं, डबा, चॉकलेटचा पाक आणि रंगीत गोळ्या यांचा हिशोब आयांनी स्वतः करावा.

तेव्हा शाळांना माझी विनंती आहे, आणि ती तुमच्या पेपरातून गेली तर वजन येईल म्हणून हे पत्र. स्पर्धा जरूर घ्या, पण नियम बदला. बशीत अर्ध्याहून जास्त ताजं फळ हवं, आणि ते त्या महिन्यात आपल्या बाजारात येणारं हवं. डबा घरून भरून आणायचा नाही. सगळं वर्गात, सगळ्यांसमोर, मुलानंच करायचं. बिस्कीट, कन्डेन्स्ड मिल्क, टूटीफ्रूटी बाद. ओळीनं मांडलेल्या सजावटीला गुण नकोत; त्याऐवजी ज्याची बशी आधी रिकामी होईल त्याला बक्षीस द्या, परीक्षकांची गरजही पडणार नाही. पहिली ते आठवीसाठी 2024 पासून ‘आनंददायी शनिवार’ आहेच, त्यातला एखादा शनिवार याला पुरेल. जिल्हा परिषदेच्या शाळांना तर हे जास्त सोपं आहे, कारण तिथल्या पोरांना झाड माहीत असतं.

मेच्या सुट्टीत गावात राहणाऱ्या मुलांसाठी आणखी एक. जावळीतल्या बायका तेव्हा पानांच्या द्रोणांत करवंदं घेऊन माझ्या शेजारी येऊन बसतात. करवंद चावून ‘कोंबडा की कोंबडी’ ओळखायचं, आत लाल निघालं तर कोंबडा, पांढुरकं निघालं तर कोंबडी. शहरातल्या पोरांना हा खेळ शिकवायला या बायकांइतकं चांगलं कुणी नाही, आणि त्याचे त्या पैसे घेत नाहीत. ओठाला चीक लागतो, तो तेलाच्या बोटानं निघतो. मुलं एकदा खरं करवंद ओळखू लागली की केकवरच्या चेरीचं काय करायचं ते त्यांचं तीच ठरवतील.

कोणत्याही शाळेनं असा शनिवार ठरवला तर फळं मी घाऊक भावात देईन, ठिपक्याची केळी फुकट. फक्त गुरुवारी दुपारपर्यंत किती मुलं आहेत ते कळवा, कारण पुण्याच्या मार्केट यार्डातून येणाऱ्या टेम्पोवाल्याला मालाची चिठ्ठी रात्रीच्या आत द्यावी लागते. डाळिंबं प्रत्येक चौघांत एक धरा. पातेली आणि जुने शर्ट मुलांनी घरून आणावेत.

आपली नम्र,
एक फळविक्रेती,
राजवाडा परिसर, सातारा
(नाव व पत्ता संपादकांकडे)